झाकली मूठ नऊशे कोटींची

रक्त तपासणाऱ्या कंपनीच्या संचालक मंडळावर कोण असावं? कॅलिफोर्नियातल्या थेरानोस कंपनीच्या मंडळावर २०१४ साली अमेरिकेचे दोन माजी परराष्ट्रमंत्री होते, एक माजी संरक्षणमंत्री होते आणि पुढे संरक्षणमंत्री झालेले एक निवृत्त जनरल होते. शिवाय दोन माजी सिनेटर, एक निवृत्त ॲडमिरल, एका मोठ्या बँकेचे माजी प्रमुख आणि एका जगड्व्याळ बांधकाम कंपनीचे अध्यक्ष. ही मंडळी एका दुपारी जमली असती तर त्यांनी युद्ध पुकारलं असतं, त्याला कर्ज मंजूर केलं असतं, संध्याकाळी तह केला असता आणि पडलेले पूल बांधायचं कंत्राटही घरातच ठेवलं असतं. रक्तातलं पोटॅशियम कसं मोजतात, हे मात्र त्यांना कुणी विचारू नये. डॉक्टर म्हणावेत असे दोघे. एक सिनेटर पूर्वाश्रमीचे हृदयशल्यविशारद. दुसरे विल्यम फेगी, देवी हटवण्याच्या मोहिमेत आपल्या देशातही काम केलेले. सकाळी नमुने घेऊन संध्याकाळी रिपोर्ट देणारी प्रयोगशाळा चालवलेला एकही नाही.

मंडळ असं निवडण्यात चूक झाली, असं मला वाटत नाही. ते नेमकं हवं तसंच निवडलं होतं.

कंपनीची गोष्ट आता जगजाहीर आहे. एलिझाबेथ होम्स या १९ वर्षांच्या मुलीने २००३ मध्ये स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट सोडून ती काढली. दावा असा, की शिरेत सुई खुपसायची गरज नाही. बोटाला टोचून काढलेल्या दोन-चार थेंबांत दोनशेहून जास्त तपासण्या होतील, त्याही कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात आणि स्वस्तात. स्वप्न उत्तम होतं. सुईला भिणारी माणसं जगात कमी नाहीत. पण स्टॅनफर्डच्याच वैद्यकशाखेतल्या प्राध्यापिका फिलिस गार्डनर यांनी तिला सुरुवातीलाच सांगितलं होतं, की हे असं होणार नाही. होम्सबाईंनी मग दुसरा प्राध्यापक गाठला, रसायन अभियांत्रिकीतला.

का होणार नाही, ते समजायला स्टॅनफर्डला जावं लागत नाही. घरोघरी मधुमेहाचं यंत्र असतं, बोटाला टोचून साखर कळते. पण तिथे एकच पदार्थ मोजायचा असतो, आणि तोही रक्तात भरपूर असतो. बोट पिळून काढलेल्या रक्तात आजूबाजूच्या ऊतींमधला द्रव मिसळतो, तांबड्या पेशी फुटतात, पेशींच्या आतलं पोटॅशियम बाहेर सांडतं. आकडा फुगतो. शिवाय एकाच थेंबातून थायरॉइडही पाहायचं, जीवनसत्त्वंही पाहायची आणि गर्भारपणही, तर प्रत्येक तपासणीच्या वाट्याला येणार किती? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

कंपनीचं ‘एडिसन’ नावाचं यंत्र म्हणजे मुळात कारखान्यात डिंकाचे ठिपके टाकणारा यंत्रहात. तो विकत आणला, त्याच्या हातात नळी दिली आणि सगळं एका देखण्या पेटीत घातलं. रुग्णांसाठी या पेटीवर फार तर बारा प्रकारच्या तपासण्या झाल्या. बाकीच्या? त्या इतर कंपन्यांच्या, बाजारात कुणालाही विकत मिळणाऱ्या यंत्रांवर. ती यंत्रं शिरेतल्या भरपूर रक्तासाठी बनवलेली; थेंब त्यांना पुरेना, म्हणून सीमेन्सच्या यंत्रात फेरफार करून थेंबच पातळ करत. गवळीही दुधात पाणी घालतो, पण तो निदान त्या दुधाचा वैद्यकीय अहवाल देत नाही.

हे सगळं लपवायचं तर गुपित हवं, आणि गुपिताला सभ्य नाव हवं. ते होतं ‘ट्रेड सिक्रेट’. यंत्र कसं चालतं? ट्रेड सिक्रेट. आकडे दाखवा. ट्रेड सिक्रेट. प्रयोगशाळा तरी पाहू द्या. तुम्ही आमच्या प्रतिस्पर्ध्याचे हेर कशावरून नाही? ‘न्यूयॉर्कर’च्या पत्रकाराने २०१४ मध्ये फारच आग्रह केला, तेव्हा होम्सबाईंनी दिलेल्या स्पष्टीकरणाचा मथितार्थ एवढाच निघाला, की रसायनशास्त्र केलं जातं, त्यामुळे रासायनिक क्रिया घडते, तिच्यातून संकेत निघतो आणि संकेतातून निष्कर्ष. आठवीच्या मुलाने उत्तरपत्रिकेत हे लिहिलं असतं तर बाईंनी पालकांना भेटायला बोलावलं असतं. इथे कंपनीची किंमत ठरली ९०० कोटी डॉलर.

म्हण सव्वा लाखाची आहे. महागाई किती वाढली पाहा.

कंपनीच्या आत तर गुप्ततेची वेगळीच बहार. एका विभागाने दुसऱ्याशी बोलायचं नाही. रसायन पाहणाऱ्यांना यंत्र कळू नये आणि यंत्रवाल्यांना रसायन. आलेल्या पाहुण्याला स्वच्छतागृहापर्यंत सोबत. प्रयोगशाळा दोन होत्या आणि दोघींना टोपणनावं. जिथे बाजारातली मोठी यंत्रं होती तिला म्हणायचे ‘जुरासिक पार्क’, कारण ती यंत्रं आता डायनासोरसारखी नामशेष होणार; आणि जिथे एडिसन होते तिचं नाव ‘नॉर्मंडी’, कारण तिथून जगावर स्वारी व्हायची होती. प्रत्यक्षात नॉर्मंडीचं बरंचसं काम जुरासिक पार्कातले डायनासोर उरकत होते.

पाहुण्यांसमोरच्या डेमोची सोयही चोख. बोटाला टोचा, रक्त पेटीत घाला, पेटी गुणगुणू लागते. पाहुण्यांना जेवायला न्या. मागच्या दाराने नमुना नेहमीच्या प्रयोगशाळेत. डेमोसाठी असा आदेश यंत्रात भरता येत असे, की यंत्र चालल्याचं दिसावं, पण काम काहीच करू नये, आणि चुकून बिघाड झालाच तर पडद्यावर त्याचा उल्लेखही नको. मला वाटतं, थेरानोसने बनवलेलं सगळ्यात भरवशाचं सॉफ्टवेअर हेच.

२००६ मध्ये कंपनीच्या वित्तप्रमुखांनी एका डेमोच्या खरेपणाबद्दल विचारणा केली. पत्रकार जॉन कॅरेरू यांनी लिहिलंय, की त्यांची नोकरी तिथल्या तिथे गेली. पुढच्या नऊ वर्षांत कंपनीत कोणती संस्कृती रुजली, ते शोधायला वेगळा संशोधक लागणार नाही.

आता पैसे देणाऱ्यांकडे वळू. वॉल्टन कुटुंब १५ कोटी डॉलर, रुपर्ट मर्डॉक साडेबारा कोटी, डेव्होस कुटुंब १० कोटी. यांना दाखवलेल्या कागदांत औषध कंपन्यांचे अहवाल होते. त्यांवर फायझरचं बोधचिन्ह होतं. ते चिन्ह फायझरने लावलेलं नव्हतं, होम्सबाईंनी स्वतः चिकटवलेलं होतं. कोर्टात त्यांनी ते कबूलही केलं. खुद्द फायझरच्या शास्त्रज्ञाने २००८ मध्येच या कंपनीच्या नादी लागू नका, असा सल्ला दिला होता. अफगाणिस्तानात सैनिकांसाठी यंत्र वापरात आहे, असंही ऐकवलं जाई; ते कधीच वापरात नव्हतं. २०१४ चं उत्पन्न दहा कोटी डॉलरच्या वर जाईल असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात आलं एक लाखाच्या थोडं वर. शून्यं तीन कमी पडली, पण एवढ्या मोठ्या लोकांनी शून्यं मोजत बसायचं का?

ज्यांनी मोजली ते वाचले. गुगलच्या गुंतवणूक शाखेने साधी युक्ती केली. थेरानोसच्या तपासण्या जिथे होत त्या वॉलग्रीन्स या औषधदुकानात आपला एक माणूस रक्त तपासायला पाठवला. तिथे थेंबाऐवजी नेहमीसारखी शिरेतून नळी भरायची तयारी दिसली, आणि यांनी नमस्कार केला. एका फेरीत काम झालं. वैद्यकीय क्षेत्रातले बहुतेक जाणते गुंतवणूकदार असेच लांब राहिले. आत शिरले ते वृत्तपत्रं, सुपरमार्केट आणि थेट विक्रीवर पैसा कमावलेले.

वॉलग्रीन्सची कथा तर आणखी मजेची. देशभर औषधदुकानं असलेली ही कंपनी. तिने एक जाणकार सल्लागार नेमला, पैसे देऊन. त्याने प्रयोगशाळा पाहायला मागितली, नकार. स्टॅनफर्डच्या रुग्णालयातल्या रिपोर्टांशी तुलना करू या म्हणाला, नकार. तो वॉलग्रीन्सला सांगत राहिला, की काहीतरी काळंबेरं आहे. वॉलग्रीन्सची भीती वेगळीच होती: आपण नाही म्हटलं आणि सहा महिन्यांनी सीव्हीएसने करार केला तर? प्रतिस्पर्धी दुकानदार आधी खड्ड्यात पडेल, या धास्तीने यांनी धावत जाऊन खड्डा गाठला. सेफवे या किराणा साखळीने तर आठशेवर दुकानांत या तपासण्यांसाठी गुळगुळीत दालनं उभारली, खर्च सुमारे ३५ कोटी डॉलर. थेरानोसचं यंत्र तिथे कधी आलंच नाही. वॉलग्रीन्सच्या ॲरिझोनातल्या चाळीसेक दुकानांत मात्र २०१३ पासून खऱ्या माणसांची खरी बोटं टोचली जाऊ लागली.

अधिकृत मान्यतेचं काय? अन्न व औषध प्रशासनाने थेरानोसची एकच तपासणी मंजूर केली, २०१५ मध्ये. हर्पिसची. दोनशेतली एक. कंपनीने त्याचाही जल्लोष केला.

या सगळ्या प्रकरणात मला खिळवून ठेवतो तो मात्र एक घरगुती प्रसंग. जॉर्ज शुल्ट्झ, रेगन यांचे परराष्ट्रमंत्री, नव्वदी ओलांडलेले, कंपनीचे संचालक आणि होम्सबाईंचे परमभक्त. त्यांचा नातू टायलर, नुकताच स्टॅनफर्डमधून बाहेर पडलेला, आजोबांच्या घरीच बाईंना भेटला आणि भारावून त्यांच्याकडे नोकरीला लागला. आठ महिन्यांत त्याला आणि त्याची सहकारी एरिका चँग हिला कळलं, की एडिसनचे आकडे एका दिवशी एक आणि दुसऱ्या दिवशी दुसरेच येतात. नको ते आकडे गाळून हवे ते ठेवले जातात. आणि सरकारी गुणवत्ता चाचणीचे नमुने एडिसनवर नव्हे, मोठ्या यंत्रांवर चालवून उत्तीर्ण होण्याचा रिवाज आहे. त्याने न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याला टोपणनावाने विचारलं, की असं चालतं का. उत्तर आलं, चालत नाही. मग एप्रिल २०१४ मध्ये त्याने बाईंना सविस्तर पत्र लिहिलं. उत्तर दिलं कंपनीचे अध्यक्ष रमेश बलवानी यांनी. त्यात विज्ञान कमी आणि अपमान जास्त. टायलरने त्याच दिवशी नोकरी सोडली.

वर्षभराने ‘वॉल स्ट्रीट जर्नल’चा कॅरेरू कंपनीच्या मागे लागल्यावर टायलर आजोबांना भेटायला गेला. वकील नकोत, आपण दोघंच बोलू, असं ठरलेलं. बोलणं झालं. मग आजोबा म्हणाले, वरच्या मजल्यावर थेरानोसचे दोन वकील आहेत. ते जिना उतरून आले. बातमीदाराशी मीच बोललो, असं पोराकडून लिहून घ्यायचं होतं. त्याने सही केली नाही. तेव्हाही नाही आणि पुढच्या कित्येक महिन्यांतही नाही. त्याच्या आई-वडिलांचे वकिलांवर चार लाख डॉलरच्या वर गेले. शीतयुद्धात सोव्हिएत डावपेच ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातला कोण खरं बोलतोय, ते ओळखता आलं नाही. वकिलांची फर्म डेव्हिड बॉइस यांची. या फर्मने आपली काही फी थेरानोसच्या शेअरमध्ये घेतली होती आणि बॉइस पुढे संचालक मंडळावरही बसले. अशिलाची बाजू मनापासून लढवावी, असं म्हणतात ते हेच असावं.

इथे एक गोष्ट तिरकस न लिहिता सांगतो. इयन गिबन्स हे कंपनीचे मुख्य शास्त्रज्ञ. यंत्र चालत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. २०१३ मध्ये पेटंटच्या एका खटल्यात साक्षीला बोलावणं आलं, आणि त्याच्या आदल्या रात्री त्यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. काही दिवसांनी ते गेले. पत्नीने कार्यालयाला कळवलं. उलट निरोप आला तो कंपनीचा लॅपटॉप आणि गोपनीय कागद परत करण्याबद्दल.

त्याच वर्षी सप्टेंबरात आणखी एक शास्त्रज्ञ कंपनी सोडून गेल्या. आडनाव गंगाखेडकर, म्हणजे आपल्या परभणीकडचं. आठ वर्षं तिथे काम केलेल्या. एडिसन रुग्णांवर वापरण्याइतका पक्का नाही, हे त्यांना पटलेलं. त्यांनी खटल्यात सांगितलं, की बाईंचं म्हणणं होतं, ग्राहकांना शब्द दिलाय, आता थांबता येणार नाही. सोडताना त्यांनी काही कागद छापून घरी नेले. ते करारात बसत नव्हतं. पण उद्या खापर आपल्यावर फुटेल ही भीती होती. हे नोकरदार शहाणपण आपल्याकडच्या कुठल्याही कचेरीत शिकायला मिळतं: वरिष्ठांनी तोंडी सांगितलं की त्याचा कागद आपल्यापाशी ठेवावा. कॅरेरू यांनी असंही नोंदवलंय, की बलवानींनी भारतातून आलेली, एच-वन-बी व्हिसावरची बरीच माणसं भरली होती. नोकरी गेली की देश सुटतो, हे माहीत असलेल्या माणसाला गुप्ततेच्या कराराची वेगळी आठवण करून द्यावी लागत नाही.

प्रयोगशाळेचे प्रमुख २०१४ च्या अखेरीस कंटाळून गेले. त्यांच्या जागी कोण आलं? बलवानींचे त्वचारोगतज्ज्ञ. कायद्याने पात्र होते ते. तक्रार करता येत नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते प्रयोगशाळेत दोनदा गेले. यावर महाराष्ट्रातल्या वाचकाने जपून हसावं. प्रयोगशाळेत पाऊल न ठेवता नुसती सही भाड्याने देणारे डॉक्टर, ही तक्रार आपल्याकडच्या पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनाच वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. रिपोर्टवर पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, हे सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०१७ मध्ये सांगावं लागलं. कॅलिफोर्नियातल्या त्या त्वचारोगतज्ज्ञांनी निदान दोन चकरा मारल्या.

ही झाकलेली मूठ उघडायला किती खर्च आला असता? जुलै २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सिनाईच्या संशोधकांनी फीनिक्समध्ये ६० धडधाकट माणसं गोळा केली आणि त्यांचं रक्त थेरानोसकडे आणि दोन नेहमीच्या मोठ्या प्रयोगशाळांकडे दिलं. थेरानोसचे आकडे इतरांच्या १.६ पट वेळा ‘सामान्य मर्यादेबाहेर’ निघाले. काम काही दिवसांचं. ही तपासणी कोट्यवधी डॉलर गुंतवणाऱ्या कुणालाही करता आली असती. घरात म्हातारं माणूस असेल तर आपणही करतो. रिपोर्ट विचित्र आला की दुसऱ्या लॅबमध्ये जातो.

ऑक्टोबर २०१५ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने बातमी छापली. हे वर्तमानपत्र मर्डॉक यांचं. ती थांबवा म्हणून होम्सबाई मालकांकडे गेल्या होत्या. स्वतःचे साडेबारा कोटी बुडत असताना मर्डॉक म्हणाले, माझा संपादकांवर विश्वास आहे. मर्डॉक यांच्याबद्दल चांगलं लिहायची संधी क्वचित येते, म्हणून ही सोडत नाही. पुढे त्यांनी आपले शेअर एका डॉलरला परत केले, म्हणजे करातून तोटा तरी वजा होईल. २०१६ मध्ये कंपनीने एडिसनचे दोन वर्षांचे सगळे रिपोर्ट रद्द केले. विचार करा: रक्त दिलं, औषध बदललं, रात्री झोप उडाली, आणि दोन वर्षांनी पत्र येतं, की ते वाचू नका. ॲरिझोनात ४६ लाख ५० हजार डॉलर ग्राहकांना परत करावे लागले. २०१८ मध्ये कंपनी संपली.

खटल्यात एका बाईंनी सांगितलं, की थेरानोसच्या रिपोर्टवरून त्यांना गर्भ टिकत नसल्याचं कळवलं गेलं. गर्भ व्यवस्थित होता. पुढे बाळ झालं. ज्युरीने जानेवारी २०२२ मध्ये होम्सबाईंना चार आरोपांत दोषी ठरवलं, चारही गुंतवणूकदारांच्या फसवणुकीचे. रुग्णांना फसवल्याच्या आरोपांतून त्या सुटल्या. बलवानी मात्र बाराच्या बारा आरोपांत अडकले, रुग्णांचेही त्यात आले. बाईंना सव्वाअकरा वर्षं, त्यांना जवळपास तेरा. दोघांनी मिळून ४५ कोटी २० लाख डॉलर परत करायचे आहेत, गुंतवणूकदारांना. यादीतलं सर्वांत मोठं नाव मर्डॉक यांचं. होम्सबाई आणि बलवानी एकमेकांचे जोडीदार होते, हेही गुंतवणूकदारांपासून लपवलं होतं. पण एवढ्या गुपितांच्या गर्दीत ते गुपित बिचारं सज्जन वाटतं.

रुग्णांचे किती रिपोर्ट चुकीचे होते, ते कधीच कळणार नाही. सगळ्या निकालांचा साठा एका डेटाबेसमध्ये होता. सरकारी वकिलांनी मागितला. कंपनीने २०१८ मध्ये त्याची प्रत दिली, कुलूपबंद. उघडायची किल्ली मिळाली नाही. त्याच सुमारास मूळ यंत्रणा सुटी करून टाकली गेली. पंधरा वर्षांत या कंपनीने बनवलेली एकच गोष्ट आजतागायत कुणाला उघडता आलेली नाही.

होम्सबाई मे २०२३ पासून टेक्सासच्या तुरुंगात आहेत. मे २०२५ मध्ये बातमी आली, की त्यांचे सध्याचे जोडीदार, त्यांच्या दोन मुलांचे वडील, नव्या कंपनीसाठी पैसे गोळा करत आहेत. रक्त, घाम, लघवी, लेझर आणि कृत्रिम बुद्धिमत्ता, एक पेटी. काम अर्थातच गाजावाजा न करता, दार लावून चाललेलं. कंपनीने तातडीने खुलासा केला, की हे थेरानोसचं दुसरं पर्व नाही आणि बाईंचा यात काही सहभाग नाही. सुरुवात माणसांपासून नाही, पाळीव प्राण्यांपासून करायची आहे. प्राण्यांचा या घराण्याला अनुभव आहे: बाईंचा हस्की कुत्रा कार्यालयात येई, त्या त्याची ओळख लांडगा म्हणून करून देत आणि तो कार्यालयातच उरकून घेई. कुत्र्या-मांजरांकडून गुप्ततेचा करार लिहून घेता येत नाही, एवढा एक दिलासा आहे. पंजाचा ठसा चालतो का, ते बॉइसांना विचारायला हवं.